कुलकर्णी वतनाचे जुने दप्तर: काय ठेवावे, काय टाकावे?

भीमाकाठ
नमस्कार. इंदापूर तालुक्यातील आमच्या मूळ गावची बरीच जमीन उजनीच्या पाण्याखाली गेली. त्या वेळी आजोबांनी नव्या घरी जपून आणलेले कुलकर्णी वतनाचे (गावचे हिशेब ठेवण्याच्या वंशपरंपरागत हक्काचे) दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आता माझ्याकडे आले आहेत. त्यात शिक्क्यांच्या काही सनदा आणि एक महजर (गावसभेच्या निवाड्याचा लेख) आहे. बाकी सगळे मोडीतले हिशेब, पावत्या आणि लावणीच्या, म्हणजे जमीन लागवडीच्या, याद्या. सनदा काचेच्या चौकटीत लावाव्यात आणि कसरीने खाल्लेले हिशेब टाकून द्यावेत, असे घरच्यांचे मत आहे. वतने १९५० च्या कायद्याने गेली, त्यामुळे हक्काचा प्रश्न उरलेला नाही. गावच्या जमिनीचा इतिहास जुळवायचा असेल, तर यातील कोणते कागद उपयोगी ठरतील?

मोडीवाचक
जे टाकायला निघाला आहात, तेच आधी सांभाळा. सनदेवरून कोणाला काय दिले एवढेच कळते आणि अशा सनदांची नोंद सरकारी दप्तरातही सापडू शकते. मिरासदार (वंशपरंपरागत हक्काने जमीन कसणारे) किती होते, उपरी (तसा हक्क नसलेले) किती होते, कोणते थळ (शेतजमिनीचा तुकडा) पडीक पडले आणि ते पुन्हा लागवडीस यावे म्हणून कौल (सवलतीचे अभयपत्र) देऊन इस्ताव्याने (टप्प्याटप्प्याच्या वाढीने) सारा वर्षागणिक कसा चढवत नेला, हे मात्र लावणीच्या यादीतच उमगते. तुमच्या तालुक्याच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. इंग्रज अधिकारी प्रिंगलची साऱ्याची आकारणी डोईजड झाली, जमिनी ओस पडल्या आणि अखेर १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीच्या नव्या पाहणीला इंदापुरातूनच सुरुवात केली. त्याच्या आधीची एखादी यादी निघाली, तर सर्व्हे नंबर पडण्यापूर्वी शेते कोणत्या नावांनी ओळखली जात होती तेही समजेल. ती शेते आज पाण्यात असतील, तर त्यांची नावे इतरत्र मिळण्याची आशा थोडीच.

महजराच्या शेवटी निशाण्या पाहा. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा आकृत्यांवरून निवाड्याला गावातले कोण कोण हजर होते ते कळते.

रुमालबंद
वरील मताशी सहमत आहे. सनदा चौकटीत लावूच नका, कारण कागदाच्या पाठीवर ‘रुजू’, ‘बार’ असे दप्तरी शेरे आणि कागद जोडलेल्या जागेवरच्या मुद्रा असतात. त्या भिंतीकडे तोंड करून बसतील. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावणे किंवा लॅमिनेशन करणे म्हणजे कागदाचा घातच. रुमाल सोडाल तेव्हा जुड्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने त्यांची छायाचित्रे घ्या आणि विषयवार गठ्ठे करण्याचा मोह आवरा. सुट्या पावतीचा संदर्भ बहुधा तिच्या शेजारच्या कागदातच असतो.

तारखा सुहूर सनाच्या (मराठी दप्तरात अरबी अंकनावांनी लिहिल्या जाणाऱ्या कालगणनेच्या) असतील. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१ येते. मात्र हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने जानेवारी ते मे या महिन्यांतील कागदासाठी ६०० मिळवावे लागतात.

भीमाकाठ
दोघांचेही आभार. मूळ कागद एखाद्या संस्थेस द्यावेत की केवळ प्रती द्याव्यात?

मोडीवाचक
घरात ओल आणि वाळवी असेल तर मूळ कागदच द्यावेत, पण पानांची गणती केलेली यादी जोडून तिच्यावर पोच घ्यावी. त्याआधी पुणे पुराभिलेखागारात आपल्या गावाचे कागद पाहून या. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला (इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजी चौकशी मंडळाला) अधिकार मिळाल्यावर वतनदारांना आपले पुरावे हजर करावे लागले होते, तेव्हा तुमच्या रुमालात नसलेला एखादा दुवा तिथल्या ‘जमाव’ दप्तरात (तेव्हा गोळा केलेल्या कागदांत) निघू शकतो. जाताना गावाबरोबर परगणा आणि तर्फ या जुन्या महसुली विभागांची नावेही टिपून न्या. नुसत्या तालुक्याच्या नावावर शोध लागणे कठीण.