बेडूक कमी होतायत ते बुरशीमुळे की आपल्यामुळे?

ओलीमाती:
बेडकांबद्दल काहीही वाचायला घ्या, सगळं खापर बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीवर फोडलेलं असतं, मला हे मुळीच पटत नाही. 2023 मध्ये जगातल्या 8,011 उभयचर जातींचा आढावा आला, त्यातल्या जवळपास 41 टक्के जाती धोक्यात आहेत आणि धोक्यातल्यांपैकी 93 टक्के जातींना अधिवास नष्ट होण्याचा किंवा बिघडण्याचा फटका बसतोय. अहो बेडकाला दोन घरं लागतात, अंडी घालायला पाणी आणि एरवी राहायला जमीन, मधून मोठा रस्ता गेला की दोन्ही शाबूत असून उपयोग नाही. बुरशीचं नाव पुढे केलं की डबकं बुजवणारा सुटतो. पैसा आणि जोर जागा वाचवण्यावरच लागला पाहिजे.

रातवा:
साफ असहमत. मग मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात, माँटेव्हर्देला जो सोनेरी भेक (बेडकाचीच एक जात) होता, त्याचं काय? राखीव जंगल होतं ते. 1987 ला दीड हजारावर भेक दिसले, 1989 ला एकच नर दिसला, त्यानंतर आजतागायत एकही नाही. 2019 च्या अभ्यासात बुरशीमुळे किमान 501 जाती घटल्याचं आणि त्यातल्या 90 बहुधा कायमच्या गेल्याचं म्हटलंय. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, सोडियम-पोटॅशियमचा हिशोबही कातडीच सांभाळते, आणि ही बुरशी नेमकी तिथेच बसते. आजारी बेडूक भरदिवसा उघड्यावर बसून राहतो, मागचे पाय नीट जवळ घेत नाही, कातडीचे पापुद्रे सुटत असतात, उताणा केला तर पलटून सरळ व्हायचीही ताकद नसते आणि शेवटी हृदय बंद पडतं. नुसतं कुंपण घालून जागा राखली म्हणून हे थांबणार आहे का?

ओलीमाती:
सोनेरी भेकाचं उदाहरण जरा जपून द्या. 1987 लाच एल निनोने तिथं कोरडं पडलं, डबकी आटली आणि बहुतेक अंडी जागीच सुकली. बुरशी की दुष्काळ हा वाद अजून चालूच आहे.

शेवाळ:
दोघांचंही अर्धंअर्धं पटतंय पण ती बुरशी जगभर फिरवली कुणी ते बोला ना. ती मुळात पूर्व आशियातली, आणि पसरली ती जिवंत बेडकांच्या व्यापारातून, खाण्यासाठी, पाळण्यासाठी, प्रयोगशाळांसाठी. अमेरिकन बुलफ्रॉगला ती होते पण तो सहसा मरत नाही, जिथं नेऊन सोडाल तिथं वाटत सुटतो. त्यामुळे बुरशी की माणूस ही विभागणीच चुकीची आहे.

रातवा:
हे मान्य. पण म्हणूनच रोगावर थेट काम हवं, आणि ते जमतं हो! स्पेनच्या मायोर्का बेटावर तळ्यांतले बेडूकमासे बाहेर काढून औषधात ठेवले, तळी रिकामी करून निर्जंतुक केली आणि बुरशी हटली, 2015 ला ते प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रेलियात तर भोकांच्या विटा काळ्या रंगवून छोट्या ग्रीनहाऊसमध्ये रचल्या, बेडूक आपणहून त्या ऊबेत जाऊन बसले आणि बरे झाले, कारण 28 अंशांच्या वर ही बुरशी वाढतच नाही. वर त्या बऱ्या झालेल्यांना पुन्हा लागण झाली तरी ते टिकण्याचं प्रमाण चांगलं होतं. 2024 चं काम आहे, वाचून मला खरंच धीर आला.

ओलीमाती:
आनंद मलाही झाला, पण थंड डोंगरी झऱ्यातला बेडूक त्या ऊबेत टिकेल का? आणि मायोर्काची तळी मोजकी होती, वर्षावनातला ओढा कसा रिकामा करणार? बरा केलेला बेडूक सोडायला जागा तर हवी ना, ती गेली की परत येत नाही, मी यावर ठामच आहे.

शेवाळ:
तोवर एवढं तरी करूया, एका तळ्यातले बेडूकमासे उचलून दुसऱ्या तळ्यात सोडू नका, चांगल्या मनाने केलं तरी बुरशी सोबत जाते. पाणथळीत जाऊन आलात की बूट घासून पूर्ण वाळवा. आणि डासांसाठी म्हणून गप्पी, गॅम्बुसिया असले मासे उघड्या डबक्यात टाकू नका, गॅम्बुसिया तर बेडकाची अंडी आणि पिल्लंही खातो, आणि काही जातींची पिल्लं तर स्वतःच डासांच्या अळ्या खातात.

रातवा:
माशांचं एकदम बरोबर. जागेबद्दल मात्र माझं तेच म्हणणं, तळं राखलं आणि तपासणीच केली नाही तर आतले बेडूक कधी मेले तेही कळणार नाही.