पॉलिमरवर फ्लोरिन बसवल्याने सौरघटाला नेमका काय लाभ होतो?

रसायनप्रेमी
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सेंद्रिय सौरघटांवर वाचन करत आहे. पीबीडीबी-टी आणि त्याचेच फ्लोरिनयुक्त रूप असलेले पीएम६ या दोन्ही संयुग्मी (एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या) पॉलिमरांचे ऊर्जा-अंतर सुमारे १.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणजे दोन्ही जवळपास सारखाच प्रकाश शोषतात. तरीही २०१९ मध्ये वाय६ या ग्राही (इलेक्ट्रॉन घेणाऱ्या) रेणूबरोबर १५.७ टक्के कार्यक्षमता गाठली ती पीएम६ने. मग फ्लोरिनचा लाभ कोठून होतो? आणि काही जण त्याऐवजी क्लोरिन का वापरतात?

पॉलिमरवाला
फ्लोरिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे पॉलिमरच्या होमो (इलेक्ट्रॉनांनी भरलेली सर्वांत वरची) आणि ल्युमो (रिकामी सर्वांत खालची) या दोन्ही ऊर्जा-पातळ्या खाली सरकतात; त्या साधारण सारख्याच सरकत असल्याने त्यांच्यातील अंतर, आणि म्हणून शोषण, फारसे बदलत नाही. घटाचे खुल्या परिपथातील व्होल्टेज मात्र दात्याची, म्हणजे इलेक्ट्रॉन देणाऱ्या पॉलिमरची, होमो आणि ग्राहीची ल्युमो यांच्यातील अंतरावर अवलंबून असते, ते या बदलाने वाढते. अर्थात होमो हवी तितकी खाली नेता येत नाही. ती ग्राहीच्या होमोपेक्षा वरच राहिली पाहिजे, नाहीतर ग्राहीत निर्माण झालेले होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या, धनभारित जागा) पॉलिमरकडे येणार नाहीत.

थायोफिन
वरील उत्तरात एक भर घालतो: फ्लोरिन कोठे बसवला हेही पाहावे. पीएम६मध्ये तो पार्श्वभागातील थायोफिन वलयांवर आहे, तर पीटीबी७मध्ये मुख्य साखळीवर. मुख्य साखळीवर बसवल्यास शेजारच्या गंधकाशी किंवा हायड्रोजनशी होणाऱ्या क्षीण आकर्षणामुळे साखळी सपाट राहण्यास मदत होऊ शकते. क्लोरिनचा अणू मोठा असल्याने तेथे तो उलट साखळीला पीळ देण्याची शक्यता असते. पार्श्ववलयावर ही अडचण कमी, म्हणूनच पीएम७ या पीबीडीबी-टीच्या क्लोरिनयुक्त रूपात तो तेथे बसवला आहे. क्लोरिनयुक्त मोनोमर तयार करणेही सहसा स्वस्त पडते.

माझ्या मते मात्र अल्किल शाखांकडे (मुख्य साखळीला जोडलेल्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांकडे) होणारे दुर्लक्ष अधिक गंभीर आहे. त्या केवळ विद्राव्यतेसाठी असतात असे समजून अनेक जण पुढे जातात. हाँगकाँगमधील संशोधकांनी २०१४ मध्ये पीएफएफबीटी४टी-२ओडी या पॉलिमरबाबत दाखवले, की शाखा कोणत्या कार्बनवर फुटते यावर, गरम द्रावणात सुट्या असलेल्या साखळ्या थंड होताना कशा एकत्र येतात हे ठरते. एक्सायटॉन (प्रकाश शोषल्यावर तयार होणारी इलेक्ट्रॉन आणि होल यांची बांधलेली जोडी) साधारण १० नॅनोमीटर एवढेच अंतर कापू शकत असल्याने दाता आणि ग्राही यांचे विभाग जेमतेम त्याच मापाचे हवेत, आणि ते माप या एकत्र येण्यावरच ठरते.

रसायनप्रेमी
प्रयोगशाळेत मर्यादित रसायने असताना कोणता पॉलिमर निवडावा?

पॉलिमरवाला
स्वतः संश्लेषण करणार असाल तर पीटीक्यू१० हा दाता पॉलिमर पाहा. २०१८ मध्ये बीजिंगच्या गटाने तो स्वस्त कच्च्या मालापासून दोनच टप्प्यांत बनवला होता. फ्लोरिन-क्लोरिनची तुलनाच करायची असेल, तर पीबीडीबी-टी, पीएम६ आणि पीएम७ एकाच ग्राहीबरोबर तपासा, पण तिन्हींचे रेणुभार शक्य तितके जवळचे ठेवा. अन्यथा दिसलेला फरक हॅलोजनचा की साखळीच्या लांबीचा, हे सांगता येणार नाही.