वर्गात हवामान शिकवण्यासाठी कोणते संकेतस्थळ ग्राह्य धरावे?

भूगोलाच्या_बाई
नमस्कार. वाई तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवते. नववीला वृष्टीचा पाठ घेताना पुस्तकातील आकृत्यांच्या जोडीला त्या दिवसाचे प्रत्यक्ष हवामान पडद्यावर दाखवावे, असा विचार आहे. अडचण अशी की भारतीय हवामान विभागाचे संकेतस्थळ, विंडी (वारे, पाऊस यांचे नकाशे दाखवणारे संकेतस्थळ) आणि मोबाइलमधले ॲप एकाच दिवशी आमच्या भागासाठी तीन वेगवेगळे आकडे दाखवतात आणि मुले लगेच विचारतात, "बाई, यातला खरा कोणता?" दिसायला विंडी सर्वांत देखणे आहे, पण तेवढ्यावरून त्याची निवड करणे मनाला पटत नाही. अशी साधने शिक्षकाने कोणत्या कसोटीवर पारखावीत?

जुना_निरीक्षक
बाई, मुलांचा प्रश्न रास्त आहे, मात्र त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा: समोरचा आकडा कोणी मोजला आहे, की गणिताने काढला आहे? हवामान विभागाच्या वेधशाळेतील पावसाची नोंद ही पर्जन्यमापकात साठलेल्या पाण्याची असते. विंडीवर दिसणारा पाऊस हा संगणकीय प्रारूपाचा, म्हणजे संगणकावर मांडलेल्या वातावरणाच्या गणिताचा अंदाज असतो आणि मोबाइलमधल्या ॲपवरचे "सध्याचे तापमान" हेदेखील पुष्कळदा जवळच्या केंद्रांवरून आणि प्रारूपावरून बेतलेले असते. जे पान हा फरक स्पष्ट सांगत नाही, ते कितीही सुबक असले तरी वर्गात दाखवताना सावध राहावे.

तुमच्या भागात तर हा फरक डोळ्यांसमोर आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला यावे तर त्याचा लहानसा हिस्सा. प्रारूप नकाशाची चौकोनी घरे पाडून दर घरासाठी एकच आकडा काढते. जीएफएस या अमेरिकी प्रारूपाची ही चौकट साधारण २५ किलोमीटरची असते. म्हणजे ही दोन्ही गावे तिच्या एकाच घरात किंवा शेजारच्या घरांत पडतात आणि मधला डोंगर तिला बोथट दिसतो. युरोपीय प्रारूपाची चौकट सुमारे ९ किलोमीटरची आहे. विंडीवर ही दोन्ही आलटून पालटून लावता येतात. एकाच गावासाठी ती दोन वेगळी उत्तरे देतात, हे मुलांना मुद्दाम दाखवावे.

दुसरी चौकशी वेळेची. हवामान विभाग पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतो आणि मोजणी ज्या सकाळी झाली त्या तारखेला पाऊस नोंदवतो. त्यामुळे २६ जुलै २००५ चा मुंबईतला महापूर सर्वांना २६ तारखेचा म्हणून ठाऊक असला, तरी सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर दैनंदिन नोंदींत २७ जुलैला सापडतात. त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. "मुंबईत किती पाऊस पडला?" हा प्रश्न किती अपुरा आहे, हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

सह्याद्री_वारे
सरांचे म्हणणे मान्य आहे, तरी विंडी बाजूला ठेवू नये असे मला वाटते. पावसाच्या आकड्यांसाठी नव्हे, तर वाऱ्यांसाठी. जुलैत समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीचा, म्हणजे ८५० हेक्टोपास्कल हवेच्या दाबाचा थर लावला की अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीवर आदळणारा नैऋत्य प्रवाह स्पष्ट दिसतो आणि प्रतिरोध पाऊस (डोंगराने वारे अडल्याने पडणारा) व पर्जन्यछाया (डोंगरापलीकडचा कमी पावसाचा भाग) मुलांना पाठ करावी लागत नाही.

उपग्रह चित्रांसाठी इन्सॅट या भारतीय उपग्रह मालिकेची चित्रे घ्यावीत. मात्र त्यांवर बहुधा जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. शिवाय अवरक्त (उष्णतेच्या किरणांवरून घेतलेल्या) चित्रातील रंग पावसाचे नसून ढगमाथ्याच्या तापमानाचे असतात. उंचावरचा, न बरसणारा पातळ ढगही तिथे भरभक्कम दिसू शकतो.

भूगोलाच्या_बाई
दोघांचेही आभार. आणखी एक शंका आहे. गेल्या पावसाळ्यात जिल्ह्याला नारिंगी इशारा होता, शाळेला सुट्टी मिळाली आणि गावात दिवसभर ऊन. तेव्हापासून मुलांच्या लेखी हवामान विभाग म्हणजे चेष्टेचा विषय झाला आहे.

जुना_निरीक्षक
चेष्टा होणारच, पण तोच पाठाचा विषय करा. इशारा जिल्ह्याला असतो, गावाला नव्हे. "तुरळक ठिकाणी अतिमुसळधार" याचा अर्थ जिल्ह्यातील फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर तसा पाऊस अपेक्षित आहे. मग उरलेल्या तीन चतुर्थांश केंद्रांवर तेवढा पाऊस पडला नाही, तर अंदाज चुकला कसा म्हणता येईल? नारिंगी रंगाचा अर्थ "तयारीत राहा" असा आहे. एवढे वाचून झाल्यावर त्या दिवशी घाटमाथ्यावरच्या केंद्रांत काय नोंदले गेले ते मुलांनाच शोधू द्या. राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पाऊस मिळतो, त्यामुळे वाई तालुक्यातील मंडळे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात.

अंदाज खरोखर चुकतातही, आणि तेही लपवू नये. महिनाभर रोजचा अंदाज आणि दुसऱ्या दिवशीची नोंद फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत गेले, तर कोणते साधन तुमच्या गावापुरते कितपत उपयोगी आहे, हे मुलेच सांगतील.

प्रयोगवही
त्या नोंदीसाठी शाळेचा स्वतःचा पर्जन्यमापक असावा. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली कापून वरचा भाग उलटा बसवला की काम भागते. तळ खडबडीत असल्यास आधी थोडे पाणी भरून त्या पातळीला शून्याची खूण करावी. जागा मोकळी हवी. झाड किंवा इमारत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो ठेवावा. वाचन सकाळी साडेआठलाच घ्यावे, नाहीतर मंडळाच्या आकड्याशी तुलना करता येणार नाही. शाळा अकराला भरत असेल, तर शेजारी राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडे ते काम सोपवावे आणि रविवारचीही जबाबदारी आधीच ठरवून द्यावी.