अली विरुद्ध स्टीव्हन्सन: ही जोड लागली असती तर?

निपाणीचा_गडी:
कुस्तीचं मैदान भरवायचं तर कमिटी जोड आणि इनाम आधी ठरवते, निकाली की गुणांवर तेही बोलून घेते. बॉक्सिंगमध्ये एवढा पैसा असून मोठ्या जोडी लागल्याच नाहीत. मुहम्मद अली आणि क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हन्सन 1976 साली भिडले असते तर कोण जिंकलं असतं? आणि अडलं नेमकं कुठं? जाणकारांनी सांगा की.

खानापूर_रिंगसाइड:
अडलं राउंडांवर. स्टीव्हन्सन हौशी बॉक्सर. तीन राउंड, सगळी मिळून 9 मिनिटं. अलीच्या किताबाच्या लढती 15 राउंडच्या, म्हणजे 45 मिनिटं. त्यात क्यूबात व्यावसायिक खेळाला बंदी. तीन-तीन राउंडच्या पाच लढतींचा प्रस्ताव होता, तोही बारगळला.

9 मिनिटांत माझं मत स्टीव्हन्सनला. मॉन्ट्रियल ऑलिंपिकला त्यानं जॉन टेटला पहिल्याच राउंडला झोपवलं, आणि तोच टेट 1979 ला डब्ल्यूबीए या व्यावसायिक बॉक्सिंग संघटनेचा चॅम्पियन झाला. 15 राउंडला अलीच. सातव्या-आठव्यानंतर दम कसा राखायचा, क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना मिठीत धरल्यावर, मानेवर भार टाकून समोरच्याचे खांदे कसे जड करायचे, हे शिकायची वेळ तीन राउंडवाल्यावर येतच नाही.

चिकोडी_साउथपॉ:
अण्णा, स्टीव्हन्सनलाही तोड होती. सोव्हिएत इगोर व्हिसोत्स्कीनं त्याला 1973 आणि 1976 ला, दोनदा हरवलं. उंचीनं कमी, पण जॅबखालून (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाखालून) आत शिरायचा. स्टीव्हन्सनच्या उजव्या हाताच्या ठोशाला पूर्ण लांबी लागायची, अंतर मिटलं की तो हात अडकला. अली मात्र लांबून खेळणारा, आणि ठोसा चुकवायला मान सरळ मागं घेणारा. पाय हलते होते तोवर ते खपलं. 1975 च्या मनिलातल्या फ्रेझर लढतीनंतर पाय मंदावले; सप्टेंबर 1976 ची केन नॉर्टनवरची जीत अजून वादात आहे. मागं जाणाऱ्या मानेला लांब, सरळ उजवाच गाठतो. म्हणून 9 मिनिटांपुरतं तुमच्याशी सहमत.

बेळगाव_कॅम्प:
राउंडांचा पेच समजतो. लेनॉक्स लुईस–रिडिक बो लढत न होण्याला तसलं काहीच कारण नव्हतं. 1988 च्या सोल ऑलिंपिक फायनलला लुईसनं बोला दुसऱ्या राउंडला थांबवलेलं. 1992 ला बो चॅम्पियन झाला, डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संघटनेच्या नियमानं लुईसशी लढणं भाग होतं. बोनं त्यांचा किताबाचा पट्टाच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पण खरा अन्याय हॅरी विल्सवर. जॅक डेम्प्सी 1919 ते 1926 हेवीवेट चॅम्पियन, विल्स वर्षानुवर्षं पहिला दावेदार, आणि काळा. 1925 ला करार झाला, पण डेम्प्सीची ठरलेली आगाऊ रक्कम आलीच नाही आणि लढत मोडली. 1915 ला जॅक जॉन्सन हरल्यावर हेवीवेटच्या किताबासाठी काळ्या बॉक्सरला थेट 1937 ला, जो लुईसच्या वेळी रिंग मिळाली. विल्सची उमेदीची सगळी वर्षं त्या मधल्या काळात गेली.