उसात एआय आलाय, मग समाजशास्त्रवाल्यांचं काय काम?

भोगावतीकाठ:
परवा इथं एकानं लिहिलं की "उसातला एआय हा इंजिनिअर आणि शेतकऱ्याचा विषय, आर्ट्सवाल्यांनी यात नाक खुपसू नये, ह्यांना फक्त खोडा घालता येतो." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवेना. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो आणि घरचा सव्वा एकर ऊस आहे, त्यामुळं दोन्हीकडनं बोलतो.

बारामतीचा उसातल्या एआयचा प्रयोग चांगलाच आहे. जमिनीत सेन्सर, वर उपग्रह, रानात हवामान केंद्र, आणि मोबाईलवर मेसेज की आज पाणी नको. पण तो मेसेज आमच्या रानात आला तर काय होईल? आमचं पाणी पाणीपुरवठा संस्थेचं, पाणीपट्टी एकरावर, किती घेतलं त्यावर नाही. आलेली पाण्याची पाळी सोडली तर पुढची कधी मिळंल भरवसा नाही, त्यात लाईट रात्रीची. मग माणूस पाण्याची दारं फोडून घरी जाऊन झोपतो आणि सकाळी सरीत नुसता चिखल, आठ दिवस वापसा नाही, म्हणजे रानात पाय घालता येत नाही. हे अडाणीपणानं होत नाही, नियमच तसे आहेत. सेन्सर ओल मोजेल, पण पाळी कोण बदलणार? ती संस्थेच्या सभेत भांडून ठरते, आणि तिथं कुणाचा आवाज चालतो हाच आमचा अभ्यास.

कोल्हापूरचं टोलविरोधी आंदोलन आठवा. रस्ते इंजिनिअरनीच केले, पण टोल द्यायचा का हे कोल्हापूरनं रस्त्यावर उतरून ठरवलं, एन. डी. पाटील सर त्या वयात पुढं होते. आता राज्यानं २०२५ ला शेतीत एआय वापरायचं महाअ‍ॅग्री-एआय धोरण आणलंय. ते राबवताना आमच्या रानाची माहिती कुणाच्या हातात राहणार हे विचारणं म्हणजे खोडा?

कोडवाला_हातकणंगले:
पोस्ट माझीच. सर, तुमच्याबद्दल आदर आहे पण पटलं नाही. शिरोळकडं जाऊन बघा, जादा पाण्यानं किती जमीन क्षारपड झाली. माझ्या मामाचं तीन एकर, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, चप्पल घालून चाललं तरी करकरतंय, आता तिथं गवत धड येत नाही. एवढी वर्षं तुमचे प्रबंध लिहून होत होते, एक एकर तरी वाचलं का? सेन्सर निदान सांगतो तरी.

आणि बीटी वांग्याचं, म्हणजे अळी लागू नये म्हणून जनुक बदललेल्या वांग्याचं, काय झालं? २००९ ला केंद्राच्या समितीनं हिरवा कंदील दिला, मग सात शहरांत जनसुनावण्या, आणि फेब्रुवारी २०१० ला स्थगिती. बांगलादेशनं २०१४ ला लावलं सुद्धा. माझी आई अजून वांग्यावर पाठीवर पंप घेऊन औषध मारते, रात्री हाताची आग होते म्हणून खोबरेल लावून बसते. तुमची चर्चा होईतोवर तिनं काय करायचं?

शिरोळचं_टिपरू:
एआय राहूद्या बाजूला, पहिला कारखान्याचा वजनकाटा नीट करा! गेल्या सालाआधी आम्ही दोन ट्रॉल्या बाहेरच्या काट्यावर वजन करून नेल्या, १९ टन २००. कारखान्यावर त्याच ट्रॉल्या १८ टन १००. अकराशे किलो, टनाला साडेतीन हजार धरले तरी ३८५० रुपये. वडील काटा क्लार्कला विचारायला गेले तर म्हणे मागं लाईन थांबलीय, चला पुढं. ८० वर्षाचा माणूस पावती हातात धरून उभा. तो काटा पण डिजिटलच होता की!

साखरलॅब:
उगाच सगळ्यांना चोर म्हणू नका. मी कारखान्याच्या लॅबमध्ये २२ वर्षं काढलीत. तोडलेला ऊस वाळतो, ट्रॉली यार्डात दिवसभर उभी राहिली की वजन घटतंच.

शिरोळचं_टिपरू:
वाळला? तासाच्या आत नेलेल्या ट्रॉल्या आहेत! अकराशे किलो तासात वाळतो काय? २२ वर्षं पगार कुणाच्या उसावर घेतला ते तरी बघा.

साखरलॅब:
पगारावर जायचं काम नाही. तुमच्याबाबतीत चूक झाली असंल, नाही म्हणत नाही. पण खरी गोम वजनात नाही, उताऱ्यात आहे, म्हणजे उसातनं किती टक्के साखर निघाली त्यात, ती कुणी बोलत नाही. २०२५-२६ चा एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला. वर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागं ३ रुपये ४६ पैसे. पण हा उतारा अख्ख्या कारखान्याचा सरासरी. एआयचं ऐकून एखाद्यानं साखर वाढवली तरी दर शेजाऱ्याएवढाच. टनेज वाढलं तर त्याचं, साखर वाढली तर ती सगळ्यांत वाटली जाणार. हा हिशोब कुठल्या अ‍ॅपमध्ये नाही.

भोगावतीकाठ:
साखरलॅब साहेब, मी एवढं लिहून जे सांगू शकलो नाही ते तुम्ही चार ओळीत सांगितलंत. मोजणारा एक, मोजला जाणारा दुसरा, आणि फेरमोजणीचा हक्क नाही. काट्याचं तेच, उताऱ्याचं तेच, उद्या सेन्सरचं तेच होणार. हातकणंगलेकर, आईंचं वाचून वाईट वाटलं, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

वारणेची_लेक:
सगळे दादा बोलले, आता माझं ऐका. नवरा मुंबईला कामाला, दीड एकर मी करते. भांगलण, खत, पाणी सगळं मीच. पण सातबारा सासऱ्यांच्या नावावर, म्हणून फार्मर आयडी त्यांचा, मोबाईल नंबर दिराचा. पाणी द्या, खत द्या हे मेसेज दिराला येतात आणि दीर इचलकरंजीत लूमवर ड्युटीला. मेसेज माझ्यापर्यंत येतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते. मशीन बरोबर सांगतंय हो, पण सांगतंय कुणाला?

कोडवाला_हातकणंगले:
ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. लॉगिन सातबाराशी जोडायचं की कसणाऱ्याशी, हे कोड लिहिताना आम्ही कुणी विचारतच नाही, वरनं आलेला फॉर्म जसा असेल तसा. एवढ्यापुरतं सर तुमचं मान्य. बीटीचं मान्य नाही, त्यावर परत भांडू.

शिरोळचं_टिपरू:
आणि काट्याचं?

कोडवाला_हातकणंगले:
काट्याचं पण मान्य आण्णा. आमच्या गावात सेन्सर बसवताना एका कंपनीनं मामाची सही घेतली, इंग्रजीत अकरा पानं, कुणी वाचली नाहीत, मी पण नाही. रविवारी गावाकडं जातोय, त्यात माहितीच्या मालकीचं काय लिहिलंय ते बघून इथं मराठीत टाकतो. सर, तुम्ही वाचायला बसणार का?

भोगावतीकाठ:
बसतो. सकाळी दहाला फोन करा, पाळी दुपारची आहे.