ट्यूब अ‍ॅम्प हळू वाजवला की टोन अळणी होतो, आत काय बदल करता येईल?

रात्रीचा_रियाज
नमस्कार मंडळी, माझ्याकडे १५ वॅटचा ट्यूब कॉम्बो आहे, शेवटी स्पीकर ढकलणाऱ्या पॉवर ट्यूब दोन ईएल८४, त्याआधी सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या ट्यूब तीन १२एएक्स७, आणि १२ इंची एक स्पीकर. व्हॉल्यूम (सुरुवातीच्या टप्प्याचा) आणि मास्टर (एकूण आवाजाचा) दोन्ही नॉब आहेत, इफेक्ट्स लूप (मधे पेडल जोडायची जागा) नाही. मास्टर अर्ध्यावर नेला की असा काही बोलतो की गिटार खाली ठेववत नाही, हलक्या हाताने छेडलं तर स्वच्छ, जरा जोर दिला की गुरगुरतो. पण घरात लहान बाळ आहे आणि मला वेळ मिळतो तो ते झोपल्यावरच. तेव्हा नॉब जेमतेम हलवतो, तर जाड तारांत जीव राहत नाही आणि बारीक तारा नुसत्या चिरचिर करतात, पिकचा टकटक आवाज नोटपेक्षा जास्त ऐकू येतो. त्यात नॉबला इतकंसं बोट लागलं की आवाज एकदम उडी मारतो. सोल्डरिंग येतं मला, पेडल बनवलेत, पण ट्यूब अ‍ॅम्प अजून उघडलेला नाही. काहीजण म्हणतात कमी वॅटचा घे. मला हाच अ‍ॅम्प ठेवायचाय. कुठून सुरुवात करू?

सहा_तारा
कमी वॅटचा घेऊन तुझं काम होणारच नाही, आधी हे गणित बघ. गिटारचे बरेच १२ इंची स्पीकर १ वॅटला १ मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतात. म्हणजे १ वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण ढकललास तरी बाळ उठणार! पॉवर निम्मी केली की फक्त ३ डेसिबल कमी होतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे पॉवर दहावा हिस्सा. ८० डेसिबलवर वाजवायचं तर त्या स्पीकरला १० मिलीवॅट पुरतात. १५ वॅट आणि ५ वॅट यांत रात्रीच्या हिशोबाने फारसा फरक नाही.

दुसरं म्हणजे आपला कान. आवाज कमी झाला की कानाला बास आणि अगदी वरचा ट्रेबल आपोआप कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे दिवसाचं सेटिंग रात्री तसंच ठेवू नकोस, बास थोडा वाढव. आणि स्पीकरचा कोन जोरात हलतो तेव्हा त्याची स्वतःची जी भर पडते ती कुठल्याही मॉडने (आतल्या बदलाने) परत येत नाही, तेवढं सोडून द्यावं लागतं. बाकी बरंच मिळवता येतं.

जुना_सोल्डर
वाचल्या वाचल्या मला वाटलं पाणी ब्राइट कपॅसिटरमध्ये मुरतंय. व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरच्या) वरच्या टोकापासून मधल्या पायापर्यंत एक छोटा कपॅसिटर लावलेला असतो, कुठे १२० पिकोफॅरड, कुठे १००० किंवा त्याहून मोठा. नॉब खाली असतो तेव्हा बाकी सिग्नल पॉटच्या मोठ्या रेझिस्टन्समधून रडतखडत जातो आणि ट्रेबल मात्र या कपॅसिटरमधून बाहेरच्या बाहेर निघून जातो. नॉब जसजसा वर नेशील तसतसा त्याचा परिणाम विरतो, पूर्ण वर नेला तर काहीच उरत नाही. म्हणजे ज्या आवाजात तू वाजवतोस तिथेच तो सगळ्यात जास्त बोचतो! त्याचा एकच पाय कापून बाजूला वाकवून ठेव, नाही आवडलं तर परत जोडता येईल. माझ्या अ‍ॅम्पमध्ये हे केलं तेव्हा पहिला कॉर्ड वाजवून मी थांबलोच, जाड ई तार कितीतरी दिवसांनी ऐकू आली होती. पाच मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते बाकी सगळ्या मॉडच्या आधी हेच करावं.

नॉब उडी मारतो त्याचं कारण पॉटचा टेपर (नॉब फिरवताना रेझिस्टन्स कुठल्या चालीने बदलतो ते) असू शकतो. पॉटवर काय छापलंय ते बघ, लिनियर असेल तर ऑडिओ टेपरचा लाव. पहिल्या जागी १२एएक्स७ काढून कमी गेनचा (सिग्नल कमी वाढवणारा) ५७५१ किंवा १२एवाय७ लावला तरी नॉब शांत होतो, पिना त्याच. पण गेन कमी झाला की प्रीअ‍ॅम्पची गुरगुरही कमी होते आणि तुला तर तीच हवी आहे, म्हणून मी तुझ्या जागी असतो तर ट्यूब बदलली नसती.

सहा_तारा
+१, ब्राइट कॅपचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण उघडण्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्लग काढून ठेवला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये (पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये) ३०० व्होल्टच्या वर चार्ज बसलेला असू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. पेडलचे ९ व्होल्ट विसर. प्लग काढ, थांब, १०० किलोओहम २ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने चॅसी आणि कपॅसिटरच्या प्लस टोकामध्ये एक मिनिटभर धर, मग मल्टिमीटरने मोज, आणि प्रत्येक कपॅसिटरवर मोज. आकडा शून्याजवळ आल्याशिवाय हात घालायचा नाही, दुसरा हात खिशात. आणि स्पीकर काढून अ‍ॅम्प कधीही चालू करू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल.

बिनआवाजी
सगळं मान्य, पण हे लोखंड तापवण्याआधी अटेन्युएटरचा विचार केलास का? अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मधे लागतो, जास्तीची पॉवर स्वतः खातो, आत काही कापायचं नाही, पॉवर ट्यूब पूर्ण ढकलता येतात. ओहम जुळला पाहिजे आणि १५ वॅटला निदान ३० वॅट झेपणारा हवा.

जुना_सोल्डर
वाईट नाही, पण १०-१२ डेसिबलच्या पुढे साधा रेझिस्टरवाला अटेन्युएटर टोनवर गोधडी टाकल्यासारखा वाटतो, रिअ‍ॅक्टिव्ह (स्पीकरसारखं वागणारा) असेल तर जरा बरा. १६ डेसिबल कापले तरी १५ वॅटचा पाव वॅटच्या वरच राहतो, म्हणजे ९५ डेसिबलच्या घरात. बाळ आहे ना तिथे! शिवाय रोज रात्री अ‍ॅम्प पूर्ण ढकलला की ईएल८४ लवकर संपतात.

मी पोस्ट फेज इन्व्हर्टर मास्टर लावला आणि तोच टिकला, म्हणजे फेज इन्व्हर्टरच्या (दोन पॉवर ट्यूबना एकमेकांच्या उलट सिग्नल देणाऱ्या टप्प्याच्या) नंतरचा मास्टर. तुझा मास्टर बहुतेक फेज इन्व्हर्टरच्या आधी असणार, म्हणून तो खाली केला की फेज इन्व्हर्टर ढकललाच जात नाही. ईएल८४च्या ग्रिडवर (सिग्नल आत घेणाऱ्या पिनवर) जे दोन रेझिस्टर ग्राउंडकडे किंवा बायसकडे (ट्यूबमधून किती करंट वाहील ते ठरवणाऱ्या व्होल्टेजकडे) जातात, बहुधा २२० किलोओहमचे, ते काढून तिथे २५० किलोओहमचा जुळा पॉट (एकाच दांड्यावर दोन पॉट) लावायचा. फेज इन्व्हर्टरकडून येणारा कपलिंग कपॅसिटर वरच्या पायाला, मधला पाय ग्रिडकडे, खालचा पाय आधीचे रेझिस्टर जिथे जात होते तिथेच. आणि मधल्या आणि खालच्या पायामध्ये प्रत्येक बाजूला २.२ मेगोहमचा रेझिस्टर लावच, ही काटकसरीची जागा नाही. पॉटचा मधला पाय कधी सुटला तर ग्रिड उघडी पडते, बायस जातो आणि ट्यूबची प्लेट लाल होते. मी पहिल्या वेळी हे रेझिस्टर लावले नव्हते, वायरीही लांब आणि एकमेकींना चिकटवून नेल्या होत्या. अ‍ॅम्प शिट्टी मारायला लागला, आणि बघतो तर एक ईएल८४ नारिंगी. आता वायरी आखूड ठेवतो, नाहीतर शील्डेड, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड.

बायस कुठला आहे ते आधी ओळख. ईएल८४ची पिन ३ (कॅथोड) जाड रेझिस्टरमधून, १२०-१३० ओहमच्या आसपास, बाजूला इलेक्ट्रोलिटिक घेऊन ग्राउंडला जात असेल तर कॅथोड बायस.

रात्रीचा_रियाज
उशीर झाला उत्तर द्यायला, दोन रविवार गेले. आत १३० ओहमचा जाड पांढरा रेझिस्टर दिसला, म्हणजे कॅथोड बायस. कपॅसिटर मोजले तेव्हा प्लग काढून दहा मिनिटं झाली होती तरी मीटरवर १४० व्होल्ट होते, हात मागेच आला माझा. सहा_तारा, त्या पोस्टबद्दल मनापासून आभार.

ब्राइट कॅप ५०० पिकोचा निघाला. एक पाय कापला आणि चिरचिर तिथेच संपली, खरं तर पहिल्या रात्री वाटलं पुढचं करायलाच नको. पण गुरगुर हवी होती म्हणून जुळा पॉटही बसवला, २.२ मेगचे दोन्ही रेझिस्टर लावून. व्हॉल्यूम दोन वाजण्याच्या जागेवर, जुना मास्टर पूर्ण, नवा जेमतेम उघडलेला, बास थोडा वर. अर्ध्या मास्टरचा तो आवाज नाही हा, छातीत तो धक्का बसत नाही. पण हलकं छेडलं की स्वच्छ आणि जोर दिला की गुरगुरतो, तेही शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असताना.

नवा पॉट पूर्ण खाली आणि पूर्ण वर असताना पिन ३ वर मोजलं, दोन्ही वेळा १०.४ व्होल्ट, मॉडच्या आधी होतं तेवढंच. ठीक आहे ना?

जुना_सोल्डर
एकदम ठीक. झाकण लाव आणि वाजव.