देखाव्यातल्या रोमन सैनिकांची ढाल गोल की चौकोनी?

रंकाळ्याचा पेंटर: मंडळासाठी बारा फुटी पडदा रंगवतोय. ग्रीकांना गोल ढाली दिल्यात, रोमनांना चौकोनी. कार्यकर्ते म्हणतात, सगळ्या गोलच मार, पटकन होतंय. काय करू?

उत्तर १: अजिबात नको गड्या! रोममधला सम्राट ट्राजनचा स्तंभ बघ, इ.स. ११३ चा. लीजनच्या, म्हणजे रोमच्या मुख्य फौजेच्या सैनिकांकडं बाकदार चौकोनी ढाली, साहाय्यक तुकड्यांकडं लांबट गोल. थोड्या गोल खपतील की.

उत्तर २: इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात १८३१ साली सापडलेलं अलेक्झांडरचं मोझॅकही (बारीक रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र) बघा. काळा, पांढरा, पिवळा, तांबडा, मुख्य रंग एवढेच. खाली पडलेला इराणी सैनिक चकचकीत ढालीत स्वतःचंच तोंड बघतोय. डोळे बघा त्याचे.

रंकाळ्याचा पेंटर: लई भारी! आता ढालीत आमच्या खजिनदाराचंच तोंड काढतो. रंगाचे पैसे अजून दिले न्हाईत त्यानं.